ताटावरचा ओरखडा

आजी गेल्याचं मला शाळेत कळलं. पुसदच्या शाळेत मी दुसरीच्या पोरांकडून सातचा पाढा म्हणवून घेत होते, तेवढ्यात मोठ्या बाई तार घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मार्था, तू आधी बस," म्हणाल्या. मी काही बसले नाही. तारेत लिहिलं होतं, 'सारूबाई सीरियस, लवकर ये.' आमच्याकडं माणूस गेलं तरी तार 'सीरियस' अशीच येते. सगळ्यांना ते ठाऊक असतं, तरी तार वाचणारा एस.टी.त बसेपर्यंत स्वतःला फसवतो. मी तेही केलं नाही. पुसदहून यवतमाळ, तिथून वणीची गाडी, मारेगावला उतरून पुढं चार मैल पायी... आणि खोटं कशाला बोलू, त्या सगळ्या रस्त्यात मला आजीचा चेहरा एकदाही आठवला नाही. आठवत होती ती तिच्या कोनाड्यातली पत्र्याची डबी. कोणी ती उघडली तर नसेल? कोणी फेकून तर दिली नसेल? आणि मग स्वतःचीच चीड यायची, की बाई, फेकून दिली असती तर तू सुटली असतीस की.

आजीला जाऊन आता दीड महिना झाला. मासिकासाठी तिच्याबद्दल चार शब्द लिहा, असं मिशनमधल्या बायका म्हणाल्या, तेव्हा त्यांना काय हवं होतं ते मला कळतं. सारूबाई म्हणजे श्रद्धाळू, सारूबाई म्हणजे एकही रविवार न चुकवणारी. ते खरंच आहे. आईबाप पटकीत गेले आणि ही सहा वर्षांची पोर मिशनच्या मिससाहेबांनी बैलगाडीतून उचलून आणली, ती मिशनचीच झाली. मिशनच्या माळ्याशी लग्न झालं, तोही लवकर गेला आणि चर्चमागच्या दफनभूमीत चिंचेखाली निजला. त्याच्या डाव्या अंगाला एक जागा मोकळी ठेवली होती, ती आजीची. दर रविवारी उपासनेनंतर ती तिथं जायची, आपल्या जागेवरचं गवत उपटायची आणि आजोबांना म्हणायची, "येतो हो, घाई कायले करता?" वाटेत भेटेल त्याला तिचा सलाम असायचा, कुंपणात शिरलेल्या गाईलासुद्धा आधी सलाम आणि मग काठी. गाण्यात तिचा सूर कधी पेटीला मिळाला नाही. पाळकसाहेबांच्या बाईंनी एकदा हळूच सुचवलं, सारूबाई, जरा सावकाश म्हणा. तर म्हणे, "प्रभूले ऐकू गेलं पायजे ना! तुमचं गोड हाय, पण तठोरी पोचत नाही."

आणि प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी वाटून घ्यायचा पोळीचा तुकडा आणि द्राक्षरस... ते सगळं तिच्या हातचं. आमच्या चर्चला विकतचा द्राक्षरस कुठून मिळणार? महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी ती शुक्रवारीच मनुका भिजत घालायची, शनिवारी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन त्या कुस्करायची, फडक्यातून गाळायची, मंद जाळावर रस उकळायची. गव्हाची बिनमिठाची पोळी भाजायची आणि तिचे नखाएवढे चौकोन कापायची. भांडी दोनच, एक पितळेचं ताट आणि आतून कलई केलेला पेला. ती भांडी न चाळलेल्या राखेनं घासलेली तिला चालत नसत. चुलीतली बाभळीची राख ती जुन्या लुगड्यातून चाळून घ्यायची, पिठासारखी मऊ, आणि चुलीजवळच्या वेगळ्या मडक्यात ठेवायची. "खडा राह्यला तं ताट ओरबाडतं," म्हणायची. त्या चाळलेल्या राखेला घरात कोणी दुसऱ्या कामासाठी हात लावायचा नाही. मी एकदा त्या राखेनं कंदिलाची काच पुसली, तर पाठीत असा धपाटा बसला की अजून आठवतो.

छप्पन साली बाबा नागपूरला धम्मदीक्षेला गेले. मी दहा वर्षांची होते. आमची वस्ती मिशनला लागूनच, आमचे सगळे नातेवाईक तिथले, मायचे भाऊ तिथले. सगळी वस्ती निघाली, रेल्वेनं, ट्रकनं, पायी. आणि बाबाही पांढरा सदरा घालून निघाले. आजीनं त्यांचं नाव मोठ्या हौसेनं शमुवेल ठेवलं होतं. बायबलमधल्या, लहानपणी देवळात वाढलेल्या मुलाचं नाव. पण शमूला मारेगावच्या हॉटेलात चहा मिळायचा तो काठ तुटलेल्या कपात, जो बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. परत आले तेव्हा आजीनं त्यांना जेवायला वाढलं, आणि त्यांचं जेवून हात धुऊन होऊ दिलं. मग म्हणाली, "काहून गेलता शमू? आपल्यात तं एकच पेला हाय. पाळकसाहेब पितात त्याच पेल्यानं मी पितो. कोणी विटाळ म्हनते का?" बाबा म्हणाले, "तो पेला महिन्यातून एक डाव भेटते, माय. बाकीचे दिवस मी त्याच तुटक्या कपानं पितो. तठी नागपुरात मी पह्यल्यांदा ताठ चाललो. तू पाह्यला पायजे होतं मले." आजीनं त्यांचं ताट उचललं आणि आत गेली. भांडण असं झालंच नाही. त्यानंतर आमच्या घरात दोन्ही गोष्टी राहिल्या. संध्याकाळी आजी आत प्रार्थना करायची तेव्हा बाबा ओट्यावर बसायचे, आणि प्रार्थना संपेपर्यंत बिडी पेटवायचे नाहीत. माय बाबांबरोबर बौद्ध झाली. मला मात्र बाबा दर रविवारी स्वतः वेणी घालून आजीबरोबर पाठवायचे. "बुढीले एकटी नोको जाऊ देजो," म्हणायचे.

अडीच वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, बाबांना कावीळ झाली. झाडपाला झाला, मिशनच्या दवाखान्यातली बाटली झाली. डोळे हळदीसारखे झाले आणि अकराव्या दिवशी सकाळी ते गेले. आजी रडली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून ती तडक पाळकसाहेबांकडं गेली, मी तिच्या मागं धावत. बाकीचं सगळं आयुष्य मी विसरले तरी त्या ओसरीवरचं बोलणं विसरणार नाही. "साहेब, माह्या शमूले त्याच्या बापाजवळ ठेवा," आजी म्हणाली. पाळकसाहेब म्हातारे, मवाळ माणूस. त्यांनी चष्मा काढला. "सारूबाई, त्यानं मंडळी सोडली. पंचांना विचारल्याशिवाय मला..." "जागा नाही का? माही जागा हाय ना! माही द्या त्याले. मले कुठीबी फेका, नाल्यात फेका." त्यांनी चर्चच्या पंचांना बोलावलं. दुपारपर्यंत ते पाच जण आत बसले आणि बाहेर आले ते खाली मान घालून. नियम तो नियम. "हा नियम माझा नाही, सारूबाई," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हेही मी सांगितलं पाहिजे. आजी म्हणाली, "मंग कोनाचा हाय? त्याचा?" आणि बोट वर केलं.

वस्तीतले लोक तोवर अंगणात जमले होते. माझा मोठा मामा आजीच्या पायाशी बसला. म्हणाला, "मावशी, कायले हात पसरतं त्यायच्यापुढं? तो आमचा होता. आमी मानानं नेतो त्याले." आणि त्यांनी खरोखर मानानं नेलं. नाल्याच्या काठी लाकडं रचली, दहन केलं. बायका तिथं जात नाहीत. आमच्या दफनभूमीत बायका जातात, आईसुद्धा लेकराला मूठमाती देते. आजी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून धूर दिसेनासा होईपर्यंत पाहत होती. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. तीत आजोबांच्या कबरीजवळची माती होती. ती माती तिनं शेवटी तिथंच, रस्त्यात सांडली. तिसऱ्या दिवशी सकाळी, पुरुष माणसं राख सावडायला जाण्याआधी, ती एकटीच नाल्याकडं जाऊन आली. पदराला गाठ होती. त्या गाठीत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यातला पहिला रविवार आला. मला वाटलं आजी आता चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही, मनुका कसल्या भिजवते! तर शुक्रवारी मनुका भिजल्या, शनिवारी पोळी भाजली, रविवारी ती पांढरं लुगडं नेसून सतरंजीवर आपल्या नेहमीच्या जागी बसली. ताट फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि तुकडा न घेता पुढच्या बाईकडं दिलं. पेलाही तसाच. बायकांनी माना वळवून पाहिलं. ज्याच्या मनात पाप असेल त्यानं प्रभुभोजन घेऊ नये असं आमच्यात सांगतात, त्यामुळं लोकांना वाटलं सारूबाईच्या मनात किल्मिष आहे. घरी येताना मी विचारलं, "आजी, तू काहून नाही घेतलं?" म्हणाली, "माहं लेकरू बाहेर बसवलं त्यायनं. मी आत बसून जेवू?" "मंग बनवतं कायले?" "अवं, बनवनं येगळं, जेवनं येगळं. घरात एक लेकरू उपाशी राह्यलं तं माय सयंपाक सोडते का? सयंपाक करते, सगळ्यायले वाढते. आपुन जेवत नाही." त्या दिवसापासून सात वर्षं, दर महिन्याला, तिनं ते ताट आपल्या हातानं भरलं आणि रिकाम्या हातानं पुढं दिलं.

आता माझं सांगते. आतापर्यंत मी सगळं आजीचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. बाबा गेले त्याच वर्षीच्या श्रावणातला शनिवार. आजी पाळकसाहेबांकडं मनुका कुस्करायला गेलेली. जाताना मला सांगून गेली, "मारथे, ताट न् पेला घासून ठेवजो. चाळेल राख घेजो बरं!" राखेच्या मडक्यावरचं कौल फुटून रात्रभर गळलं होतं, चाळलेल्या राखेचा चिखल झाला होता, आणि चुलीतली नव्यानं चाळायचा मला कंटाळा. मी शहाणी! मी शोधाशोध केली आणि कोनाड्यात, आजीच्या बायबलच्या मागं, मिससाहेबांच्या चहाची ती पत्र्याची डबी सापडली. उघडली तर आत राख, मूठभरच. बायबलजवळ ठेवलेली राख आणखी कशाची असणार? प्रभुभोजनाचीच. म्हटलं, बुढीनं जास्तीची चाळून ठेवलीय, बरं झालं. मी ती सगळीच्या सगळी ताटावर ओतली आणि नारळाच्या काथ्यानं घासत बसले. राख नीट चाळलेली नव्हती. बोटांना खरखर लागत होती, काहीतरी पांढरं, कणीसारखं. आजीची दृष्टी गेली आता, असं मी मनात म्हटलं सुद्धा. मग एकदा करकर आवाज झाला आणि ताटाच्या मधोमध नखाएवढा ओरखडा उठला. मी भांडी धुतली, पाणी मोरीतून परसात गेलं. रिकामी डबी पाहून आजी ओरडेल म्हणून चुलीतली कोरडी राख तिच्यात भरली, झाकण लावलं आणि होती तिथं ठेवली. तेरा वर्षांच्या पोरीला यात काय कळणार? आजी आली, ताट उजेडात धरलं आणि ओरडलीच. "मायबाई! काय केलं वं पोट्टे! देवाच्या ताटावर नांगर चालवला का?" मी म्हटलं, राखेत खडा होता. मार बसला नाही. तेव्हापासून ती पोळीचे तुकडे मांडताना पहिला तुकडा बरोबर त्या ओरखड्यावर ठेवायची, तो कोणाला दिसू नये म्हणून.

दोन वर्षांनी आजी तापानं आजारी पडली. आता आपण उठत नाही असं तिला वाटलं. दुपारची वेळ, माय कामावर गेलेली, घरात आम्ही दोघीच. तिनं मला कोनाड्यातली डबी आणायला लावली, आणि ती छातीवर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मारथे, कोनाले सांगू नोको. ह्याच्यात तुहा बाप हाय." मला आधी कळलंच नाही. ती बोलत राहिली. "तिसऱ्या दिवशी आनली मी. एक मूठ. त्यायनं आत नाही घेतलं त्याले, मंग मी नेतो. मले पेटीत ठेवशीन तवा माह्या पदरात बांधजो, कोनाले दिसू नोको देजो. प्रभू येईन, तुतारी वाजन, तवा मी कबरीतून उठीन. आन् मी उठली का तोबी उठन. माय उठल्यावर लेकरू निजून राह्यते का?" आणि ती हसली, बाबा गेल्यानंतर मी तिला तशी हसताना पाहिलंच नव्हतं. तिच्या हातात चुलीची राख होती. बाभळीची, मी भरलेली. आणि माझा बाप... मी माझ्या बापाला काथ्यानं घासून मोरीत वाहून टाकलं होतं.

सांगायला हवं होतं. मला कोणी सांगू नका, मला ठाऊक आहे. तोंड उघडलंही मी. पण ती त्या डबीवरून अंगठा फिरवत होती, लहान लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसा. मी म्हटलं, "हो आजी, बांधीन." आजी त्या तापातून उठली, आणखी पाच वर्षं जगली, आणि त्या पाच वर्षांत मी रोज घाबरत राहिले. माझं दृढीकरण झालं, म्हणजे मंडळीत मला पक्कं सभासद करून घेतलं, तेव्हा मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं. आजी शेजारी. मी तिच्याकडं पाहिलं, तर ती कुजबुजली, "घे वं, तू घे. तुह्या बापाचाबी घास घे." त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं होतं, आज सांगायचंच. आंब्याच्या झाडापर्यंत गेल्यावर सांगू म्हटलं, मग विहिरीपर्यंत, मग घर आलं. पुढं यवतमाळला शिकायला गेले, पुसदला नोकरी लागली. लोकांना वाटलं पोरगी शिकली, मोठी झाली. मी खरं तर पळाले होते. शेवटची भेट गेल्या नाताळात. मी निघताना ती दारापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "ध्यानात हाय ना?" मी मान हलवली.

तारेनंतर मी पोचले तेव्हा पेटी अंगणात होती आणि आजी आत चटईवर. डबी कोनाड्यातच, बायबलच्या मागं. मायला आणि बाकीच्या बायकांना बाहेर काढून मी आजीजवळ एकटी बसले आणि राख तिच्या पदरात बांधली. गाठ तीनदा सुटली. म्हटलं, आजी, माफ कर. मेलेल्या माणसाची माफी मागणं किती सोपं असतं! मग तिला आजोबांच्या डाव्या अंगाला ठेवलं, तिच्या जागेवर. मी मूठमाती दिली. माझ्या आजीनं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, त्या उठायच्या दिवशी ती पदराची गाठ सोडेल आणि आत चुलीची राख निघेल, हे ठाऊक असलेली मी एकटीच तिथं उभी होते.

या महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी मी पुसदहून मुद्दाम गेले. मनुका भिजवायला दुसरं कोणी नव्हतं, पाळकसाहेबांनी मलाच निरोप धाडला होता. शनिवारी राख चाळली, ताट मांडीवर घेतलं. कितीतरी वर्षांनी तो ओरखडा मी नीट पाहिला. घासून घासून ताटाची सगळी चमक बदलली, पण तो तसाच. बोट फिरवलं तर लागतो. इतकी वर्षं मला मोरी दिसायची, वाहून गेलेलं पाणी दिसायचं. पण त्याच राखेनं घासलेल्या ताटात दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन वाढलं होतं. पाळकसाहेबांनी त्यात हात घातला, पाचही पंचांनी घातला. ज्यांनी शमूला बाहेर ठेवलं त्या सगळ्यांनी त्याच्या ओरखड्यावरचा तुकडा उचलून खाल्ला होता, एकदा नाही, सात वर्षं. आणि आजी तेवढी उपाशी राहिली. मी तोंड उघडलं असतं तर ती रडली असती, मला झोडपलं असतं, आठवडाभर बोलली नसती. पण मग पुढच्या रविवारी ती जेवली असती. तिचं लेकरू आत होतं. तिला माहीत नव्हतं, आणि मला माहीत असून मी सांगितलं नाही.

हे छापून आल्यावर मंडळीत काय होईल ते मला दिसतं आहे. कोणी म्हणेल, असं ताट प्रभूच्या मेजावर नको, नवं आणा. आणा बापडे. जुनं मला द्या, मोडीत घालू नका. एवढंच मागते, आणि तेवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

त्या रविवारी पोळीचे तुकडे मांडताना मी ओरखड्यावर पहिला तुकडा ठेवला नाही, तो उघडा राहू दिला. ताट फिरत आलं. सतरंजीवर माझ्या शेजारी आजीची जागा रिकामी होती, सवयीनं कोणी तिथं बसलं नव्हतं. मी दोन तुकडे उचलले. बायकांनी माना वळवून पाहिलं, पाहू दे. एक माझ्या तोंडात घातला. दुसरा मुठीत धरून चर्चमागं चिंचेखाली गेले, ओल्या मातीत बोटानं खड्डा केला आणि तो आत ठेवला. "जेव आता, आजी," म्हटलं. "शमू जेवला हाय."